पान तीनवरचं ‘आम्ही’

कॅटलॉगचं शेवटचं प्रूफ शनिवारी दुपारी अडीचला आलं. चारच्या आत परत हवं होतं; छापखाना खोळंबला होता.

मानसी अंधेरीत पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनात मुद्रितशोधक आहे. नवऱ्याच्या, म्हणजे चित्रकार सुशांतच्या, प्रत्येक प्रदर्शनाचा कॅटलॉग चौदा वर्षं तीच तपासत आली आहे. या प्रदर्शनाचं नाव होतं ‘रानघर’.

पान दोनवर तिने ‘सानिध्य’चं ‘सान्निध्य’ केलं. पान तीनवर पेन थांबलं.

‘मे महिन्यात आम्ही शहराला कायमचा निरोप दिला. आता आम्ही दोडामार्गच्या जंगलात, मातीच्या घरात राहतो. पत्नीने आनंदाने नोकरी सोडली. मुलगी झाडांकडून शिकते. वृद्ध आई पहाटे झऱ्यावरून पाणी आणते.’

जून संपत आला होता. चौघंही बोरिवलीत, चौथ्या मजल्यावर राहत होती. मुलगी निधी दहावीच्या क्लासला गेली होती. वृद्ध आई, वनमालाबाई, टीव्हीसमोर पाय लांब करून बसल्या होत्या. मार्चमध्ये त्यांचा गुडघा बदलला होता. मातीचं घर मात्र खरं होतं. मित्राची जागा. दोन वर्षांत सुशांत तिथे तीनदा गेला होता, मिळून अकरा दिवस.

“सुशांत, मी नोकरी कधी सोडली?”

तो रंगाचे हात पुसत आला. “सोडशील ना. गणपतीनंतर शिफ्ट व्हायचंच आहे. एजंटला या फ्लॅटचे फोटो पाठवलेत. निधीच्या शाळेत परवा शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्जपण दिलाय.”

“दहावीच्या वर्षात? कुणाला विचारून?”

“यार मानसी, सरप्राइज होतं. आणि घरात आर्टिस्ट असला की थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं.”

“थोडं?” मानसीचा आवाज चढला नाही, पण पेनाचं टोपण तिने दोनदा चुकीच्या बाजूला लावलं. “बाहेरची खोली तुझी. पोर ओट्यावर पुस्तक ठेवून अभ्यास करते, मिक्सर लावायचा तर तिला विचारून लावते मी. तुझी जंगलं याच घरात रंगली ना? आणि आता आम्हाला उचलून त्या चित्रात ठेवतोस?”

वनमालाबाईंनी टीव्ही बंद केला. “माझ्याबद्दल काय लिवल्यान गो?”

मानसीने वाचून दाखवलं.

“झऱ्यार? मी?” त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. लग्न होईपर्यंत त्यांनी दोडामार्गजवळच्याच गावात पाणी भरलं होतं. “मुंबैचो घोव गावलो म्हणान माझ्या आवशीन देवाक नारळ दिल्यान. आणि ह्यो माका परत थयच न्हेतलो! इचारल्यान तरी?”

“आई, ते लिहायची एक पद्धत असते,” सुशांत म्हणाला. “लोकांना फॅमिली आवडते.”

“मग ‘आम्ही’ का लिहिलंस?” मानसीने विचारलं.

“मग काय लिहू?”

“‘आपण’ म्हणायचं तर समोर बसून विचारावं लागलं असतं. ‘आम्ही’त ऐकणारा धरत नाहीत. सगळ्या गावाला सांगितलंस, आम्ही गेलो. मला एकदा तरी म्हणालास, आपण जाऊया का?”

पावणेचारला छापखान्यातून फोन आला. सुशांतने तो कट केला. “तू फक्त शुद्धलेखन बघ. मजकूर माझा आहे.”

“तुझ्यापुरता आहे तेवढा ठेवते.”

शेवटची तीन वाक्यं तिने सरळ रेघेने काढली. मग दोन्ही ‘आम्ही’ खोडले आणि वर ‘मी’ लिहिलं. कागद त्याच्यापुढे सरकवला.

“सोमवारी शाळेत जाऊन अर्ज मी मागे घेणार. एजंटला फोन तू करायचास. आत्ता.”

त्याने पान वाचलं. पुन्हा वाचलं. “म्हणजे मी एकटा जाऊ?”

“ते तू ठरव.”

“विचित्र वाटतंय हे वाचून.”

“व्याकरणात बसतं. ‘आम्ही राहतो’, ‘मी राहतो’. बघ, क्रियापद बदलावंच लागलं नाही.”

तीन छप्पन्नला तिने पानाचा फोटो छापखान्याला पाठवला. सुशांत फोनमध्ये एजंटचा नंबर शोधत होता.

“आणि झऱ्यावरचा पाणी तूच घेवन ये,” वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही लावला.