न पडणारं विमान

"तिसऱ्यांदा ताट झाकलं मी. पोरगी सकाळपासून खड्ड्यातून उठून नाही राहिली," चंद्रकलाबाईंनी सुनेला ऐकवलं. "चोवीस वर्षांची घोडी झाली, अन् विमानाचा खेळ खेळते!"

"आई, काम आहे ते तिचं," अंजू कणीक मळता मळता म्हणाली.

"असं बसल्या बसल्या काम असते तर तुह्या सासऱ्यानं काहून हाडं झिजवली असती?"

उत्तराची वाट न पाहता त्या मागच्या खोलीत शिरल्या. हातमाग उचलून दहा वर्षं झाली होती, विणकराने पाय सोडून बसायचा खड्डा मात्र तसाच राहिला होता. नात काजल त्याच खड्ड्यात पाय सोडून बसली होती. जिथे तिचे आजोबा बाबूलाल मागाच्या फळ्या दाबत, तिथे तिने विमानाची पायडलं बसवली होती. समोर मोठा पडदा, हातात काळा दांडा. विमान चालवायला शिकणारी पोरं आधी ज्या यंत्रावर सराव करतात, ते यंत्र शहराच्या सदर भागातल्या एका लहान कंपनीसाठी ती तपासून देत असे.

चंद्रकलाबाई बोलायला आल्या होत्या. पडद्याकडे नजर गेली आणि बोलणं राहिलं.

"रात्र झाली का तिथं?"

"नाही आजी, भर दुपार आहे. लढाऊ विमान आहे, लय वर गेलं. इतक्या वर हवा लय विरळ असते, म्हणून आभाळ काळं."

काळ्या आभाळात ऊन जळत होतं. खाली ढग पिंजून ठेवल्यासारखे पसरले होते. पृथ्वीची कड वाकलेली, आणि त्या कडेला एका धाग्याची निळी किनार. चंद्रकलाबाई गुडघे धरून खड्ड्याच्या काठावर बसल्या. डोक्यावरून घसरलेला पदर त्यांनी सारखा केला, देवळात शिरताना करत तसा.

"अजून वर जाते?"

"तेच तर दाखवते. आधी जुनं पाह."

काजलने यंत्राची जुनी आवृत्ती लावली. विमान सुसाट चढलं. पन्नास हजार फुटांच्या वर आकडे रेंगाळू लागले. ती दांडा ओढत होती, विमान ऐकत नव्हतं. इंजिनाचा आवाज विझला. विमान क्षणभर नुसत्या काळोखावर टेकून राहिलं, मग त्याचं नाक हळूच झुकलं आणि ते खाली कोसळलं. चंद्रकलाबाईंनी नातीचा खांदा गच्च पकडला. खूप खाली आल्यावर पंखांना पुन्हा हवा लागली, तेव्हा कुठे त्यांची बोटं सुटली.

"एवढं मोठं लोखंड," त्या पुटपुटल्या, "अन् त्याले आपली हद्द समजते."

"आता नवीन पाह."

नवीन विमान पन्नास हजारांवर थांबलं नाही. साठ, सत्तर, ऐंशी. नाक स्थिर, इंजिनाची एकसुरी घरघर. आभाळ तितकंच काळं होतं, पण चंद्रकलाबाईंचा हात या वेळी मांडीवरून हलला नाही.

"हे काहून नाही पडत?"

"चुकलं आहे कुठंतरी. पडायले पाहिजे." काजलने पडद्यावरची नजर काढली नाही. "कंपनीचे वैभवसर म्हणतात, राहू दे, उद्या यंत्र पाठवायचं आहे. पाच वाजेपर्यंत 'ठीक आहे' असं लिहून दे. नाही दिलं तर माह्या जागी दुसरी पोरगी पाहतील."

"अन् याच्यावर जो शिकन?"

"त्याले वाटन, खरं विमानही असंच जाते. म्हणून पुन्हा पुन्हा पाहून राहिली मी. माहंच चुकत असन."

"कितव्यांदा?"

"हे चौदावं."

तिने विमान परत धावपट्टीवर आणलं.

चंद्रकलाबाई खड्ड्याकडे बघत राहिल्या. लग्नाचं पहिलं वर्ष होतं. बाबूलालांचा धोटा आडवा धागा घेऊन सपासप चालला होता, आणि बाजूला बसलेल्या त्यांना ताण्याच्या उभ्या धाग्यांतला एक तुटलेला दिसला. माग थांबवा म्हणायची छाती झाली नाही. म्हणून खात्री करायला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत त्या बोटाने धागे चाचपत गेल्या. चार वेळा. तोवर हातभर लुगडं पुढे गेलं होतं, उभ्या रेघेसकट. सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मले दिसलाच नाही.

विमान पुन्हा धावू लागलं. चंद्रकलाबाईंनी नातीच्या हातावर हात ठेवला आणि तिची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. विमान धावपट्टी सोडून गवतात जाऊन थांबलं.

"आजी, काय करतं!"

"विमान तू पहिल्याच खेपेले पाहिलं होतं, पोरी," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तेरा खेपा तू त्या साहेबाचं तोंड पाहून राहिली होती."