सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस

धाकटीने चिमट्याने तिकीट उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि त्याच्या कडेचे दाते मोजायला सुरुवात केली. नवापर्यंत पोचली आणि डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं, नुसता शीण. तिने चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

साठी उलटली तरी नात्यात ती धाकटीच होती. छत्तीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकून काढली होती; निवृत्त होऊन चार महिने झाले तरी मान काही सरळ व्हायला तयार नव्हती. आता दोन खोल्यांच्या घरात जायचं होतं, कारण नवऱ्याच्या गुडघ्यांनी तीन जिने चढायला साफ नकार दिला होता. तिथे वडिलांच्या तिकिटांच्या अल्बमांना जागा नव्हती. मुलाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, फोटो काढून ठेव आणि विकून टाक. म्हणून ती रोज दुपारी जेवणं झाली की फोन घेऊन बसायची आणि एकेक तिकीट विकायला टाकायची.

सुरुवातीला ती ‘निळा पक्षी, जुना, चांगल्या स्थितीत’ असं काहीबाही लिहायची. त्यावर लोक ढीगभर प्रश्न विचारत आणि घेत काहीच नसत. मग एका मुरलेल्या विक्रेत्याने कळवलं, की बाई, वर्णन कोण वाचतंय, कॅटलॉगचं नाव आणि नंबर तेवढा टाका. दोन तिकिटांवर चित्र एकच असलं आणि कडेचे दाते कमीजास्त असले, तरी कॅटलॉगात त्यांचे नंबर वेगळे असतात. तिने वडिलांचा कॅटलॉग काढला, नंबर टाकू लागली, आणि प्रश्न थांबले. माणसं नुसता नंबर विचारत, ती नुसतं ‘आहे’ किंवा ‘गेलं’ लिही. तिला ते बरं वाटे. एवढ्यात तिला बोलायचाच कंटाळा आला होता.

“आधी रक्ताच्या बाटल्यांचे नंबर, आता पाखरांचे,” गुडघा शेकत बसलेला नवरा म्हणाला. “सटवाईने तुझ्या कपाळी अक्षरं लिहिलीच नाहीत, आकडे लिहिलेत.”

ती हसली नाही, पण चहा टाकताना त्याच्या कपात साखर मात्र अर्धा चमचा जास्त पडली.

पक्ष्यांची मालिका तिने शेवटी काढली. कॅटलॉगात तिचे नंबर ४१ ते ५२, एकूण बारा. तिच्याकडे त्यातली सहाच होती. त्यांपैकी ४१ आणि ४३ तिने विकायला टाकली आणि ‘चिमणचारा’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी ती तासाभरात उचलली. पाकीट एका चौकातल्या कुरिअरच्या दुकानावर पाठवा, आम्ही तिथून नेऊ, एवढंच कळवलं होतं. चार दिवसांनी पुन्हा निरोप आला: ‘४४, ४७, ५१, ५२ मिळतील का?’

धाकटीने अल्बम उघडला. पानावर उरलेली चार तिकिटं होती. ४४, ४७, ५१, ५२. एक कमी नाही, एक जास्त नाही.

तिने फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ ओट्यावरची भांडी जागच्या जागी लावत राहिली.

या मालिकेतली कोणती तिकिटं कुणाकडे गेली हे जगात तिला आणि थोरल्या बहिणीलाच ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा बाकीची तिकिटं बिनबोभाट वाटली गेली, पण पक्ष्यांवरून दोघी अडल्या. थोरलीने मग जेवणाच्या टेबलावर पत्ते वाटावेत तशी बारा तिकिटं वाटली: हे तुझं, हे माझं. तिचा राग तिकिटांवर नव्हताच. वडिलांच्या शेवटच्या आजारात धाकटीच्या हातून एका तपासणीच्या कागदावर आकड्यांची उलटापालट झाली होती. तासाभरात तिने स्वतःच ती सुधारली होती. त्याने काही बिघडलं नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण थोरली, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली, चार नातेवाइकांसमोर म्हणाली होती, “तू नंबर नीट वाचला असतास तर…” वाक्य तिने पुरं केलं नाही. धाकटी तेच वाक्य अकरा वर्षं मनातल्या मनात पुरं करत आली होती.

तरी ही थोरलीच, याची खात्री कशी करायची? दुसऱ्या दिवशी दुपारी तिने उत्तर लिहिलं: ‘४४, ४८, ५१, ५२ आहेत.’ ४७ आणि ४८ दोन्हींवर तोच खंड्या होता. फरक फक्त दात्यांचा. अठ्ठेचाळीस थोरलीच्या वाट्याला गेलं होतं. आणि थोरली चुकीचा आकडा बघून गप्प बसेल, हे होणं नव्हतं. लग्नपत्रिकेवरच्या तारखाही ती लाल पेनाने सुधारायची.

उत्तर आलं: ‘चालेल. चारही पाठवा.’

“झालं का समाधान?” नवऱ्याने विचारलं. त्याला तिने काल सगळं सांगितलं होतं. “ती नाही ती. दुसरंच कुणी गिऱ्हाईक आहे.”

“बरंच झालं,” धाकटी म्हणाली.

तिने चार तिकिटं पारदर्शक कप्प्यांत घातली, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून पाकिटात सरकवली. कप्प्यावर ४८ लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. मुद्दाम केलेली असली तरी चूक ती चूक. सगळं आयुष्य नमुन्यांवर चिठ्ठ्या लावण्यात गेलं होतं. खोटी चिठ्ठी लावून ते पाकीट दाराबाहेर जाऊ देणं तिला जमेना. तिने कळवलं: ‘माफ करा, ते ४८ नाही, ४७ आहे. चूक माझी. नको असेल तर सांगा.’

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आलं.

‘मावशी, आईला माहीत होतं. तिला आता नीट दिसत नाही, नंबर मी वाचून दाखवते. ४८ म्हटल्याबरोबर म्हणाली, ते आपल्याकडे आहे, तिच्याकडे ४७ असणार. मी तुला तसं लिहायला निघाले तर नको म्हणाली. म्हणाली, राहू दे, तिला चूक दाखवू नकोस. जे पाठवेल ते घेऊ.’

धाकटीने ते दोनदा वाचलं. मग फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि पाणी प्यायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा त्याने फोन टेबलावर ठेवला होता आणि तो पाय सरळ करून खिडकीबाहेर बघत होता.

अकराच्या सुमाराला कुरिअरवाला आला. तीन जिने चढून त्याला धाप लागली होती.

“आज काही न्यायचं नाही,” ती म्हणाली. “एक पाकीट होतं, ते मीच पोचवणार आहे.”

“मग नोंद रद्द करावी लागेल. कारण निवडायला लागतं.” त्याने कपाळाचा घाम पुसला आणि फोनवरून वाचायला लागला. “माल उपलब्ध नाही. ग्राहकाने नाकारला. पत्ता चुकीचा.”

“त्यातलं काहीच नाही.”

“मग ‘इतर’ टाकतो. पण ‘इतर’ला काय ते लिहावं लागतं.”

धाकटी दाराच्या चौकटीला टेकली. पाय दुखत होते, आणि बसचा प्रवास अडीच तासांचा होता.

“लिहा,” ती म्हणाली, “बहिणीकडे जायचं आहे.”