मागच्या बाजूचं गाणं

अमेरिकेतल्या डेटन गावाच्या वेस्ट साइडला राहून प्रुइट बहिणींचं गाणं ऐकलं नाही, असा माणूस त्या काळात एक तर बहिरा असायचा, नाहीतर आदल्या दिवशी गावात आलेला. थोरली इनेझ, धाकटी अर्डेला. थोरलीचा आवाज खालचा, जाड, घरात कुणीतरी वडीलधारं आहे असं वाटायला लावणारा. धाकटीचा आवाज वर चढणारा, धारदार. त्यांच्या चर्चची रीतच अशी, की आधी एकाने ओळ द्यायची आणि मग बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ द्यायची ती इनेझने. अर्डेला मागून यायची. पुढे दोघी चर्चमधून क्लबात गेल्या, क्लबातून रेकॉर्डवर गेल्या, पण हा क्रम काही मोडला नाही. छोट्या रेकॉर्डी निघायच्या त्यांच्या, पुढच्या बाजूला एक गाणं, मागच्या बाजूला एक. नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या गावातल्या सगळ्या ज्यूकबॉक्समध्ये त्या होत्या, आणि लोक त्यांच्यावर जीव टाकायचे.

मग सिनसिनाटीहून मिस्टर गॉस आले. गुळगुळीत बूट, गुळगुळीत बोलणं. एका कंपनीसाठी रेकॉर्डी काढायचे. दोघींचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्याही वाजवल्या, आणि नंतर एकट्या अर्डेलाला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी बहीण गुणी आहे, शंकाच नाही. पण एकोणीसशे बहात्तर साल चाललंय, पोरी. लोकांना आता रडायचं नाहीये, नाचायचंय. आणि ती तर खुर्चीवर बसून गाते."

खुर्चीवर बसून गात होती, कारण साखरेच्या आजाराने तिचे पाय सुजले होते. हे अर्डेलाला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. विचार करते म्हणाली. कसला डोंबलाचा विचार, आठवड्याच्या आत सही करून मोकळी झाली. बरं, केलं ते केलं, निदान घरी जाऊन तोंडावर सांगायचं. तर तेही नाही. आज सांगते, उद्या सांगते, करत राहिली, आणि शेवटी तिच्याऐवजी रेडिओने सांगितलं.

इनेझचं केसांचं दुकान होतं. हातात तापलेला लोखंडी कंगवा, खुर्चीत चर्चमधली सिस्टर बर्निस, तिचे अर्धे केस सरळ झालेले, आणि रेडिओवरचा माणूस मोठ्या कौतुकाने म्हणाला, की आता ऐका आपल्या गावची अर्डेला प्रुइट, पहिल्यांदाच एकटी. इनेझचा नवरा वेंडेल कोपऱ्यात पेपर वाचत बसला होता. तो उठून म्हणाला, "बंद करू का?"

"असू दे," इनेझ म्हणाली. "गाऊ दे तिला."

सिस्टर बर्निसचे उरलेले केस तिने नीट सरळ केले, एक बटही जाळली नाही. पण त्या दिवसापासून अर्डेलाचा फोन आला की ती यायची नाही. वेंडेल यायचा आणि म्हणायचा, "गिऱ्हाईक आहे म्हणते." रविवारीसुद्धा गिऱ्हाईक असायचं.

इकडे अर्डेलाचं तरी काय सोनं झालं? पहिली रेकॉर्ड आपटली. गोड गोड, पातळ प्रेमगीत, कुणी दोनदा ऐकलं नाही. दुसरी तिच्याहून वाईट. अर्डेलाला गाताना सारखं वाटायचं, की आधी कुणीतरी ओळ द्यायला हवी, आणि कुणी देत नाहीये. घरी येऊन ती रडायची. बहिणीची आठवण यायची म्हणून रडायची, आणि आपणच केलंय हे सगळं, म्हणून जास्त रडायची. तिला आता नाव नको होतं की गाडी नको होती. इनेझने एकदा फोनवर येऊन चार शिव्या घातल्या असत्या, तरी तिला पुरलं असतं.

तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी गॉसनी स्पष्टच सांगितलं, "ही चालली नाही तर तू तुझ्या घरी आणि मी माझ्या." त्यांच्या पगारी माणसाने एक गाणं लिहून आणलं होतं. एका निकम्म्या यारावर वैतागलेली बाई ठसक्यात म्हणते, 'टाकलं बाई टाकलं, पाठीवरचं ओझं टाकलं, बघ आता कशी नाचते.' खाली बेस गिटारचा ठेका असा की खुर्चीत बसवेना. अर्डेला तीन वर्षांचं सगळं साचलेलं घेऊन त्यात उतरली. गाणं संपलं तेव्हा काचेपलीकडे गॉससुद्धा डोलत होते.

"मागच्या बाजूला काय टाकायचं?" त्यांनी विचारलं.

"मागची बाजू मला द्या."

"घे की. मागच्या बाजूला तू घोरलीस तरी माझी हरकत नाही. कोण ऐकतंय."

एक गाणं होतं इनेझचं. अंधाऱ्या वाटेने दोघी चर्चला जायच्या तेव्हा धाकटीला भीती वाटू नये म्हणून थोरलीने चालता चालता रचलेलं, पुढे कधीच कुठे न छापलेलं. पुढची म्हणायची, 'वाट अंधारी, कोण माझ्यामागे?' आणि मागची म्हणायची, 'तू हो पुढे, मी आहे मागे.' बस, एवढंच, फिरून फिरून. अर्डेलाने फक्त ऑर्गन वाजवायला लावला आणि फक्त आपल्या ओळी गायल्या. इनेझच्या ओळी आल्या की ती गप्प. ऑर्गन वाजतोय, आणि त्यावर कुणी नाही.

"हे मध्ये मध्ये रिकामं का?" गॉसनी विचारलं.

"ती जागा रिकामी नाही," अर्डेला म्हणाली. "एका माणसाची आहे. ती ऐकेल ना, तेव्हा भरेल."

गॉसनी खांदे उडवले. त्यांचं काम झालं होतं.

रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच गॉसनी तिला दौऱ्यावर धाडलं, गावोगावच्या रेडिओवाल्यांना भेटायला. बाल्टिमोरला असताना कळलं, इनेझ हॉस्पिटलात आहे. अर्डेला धावत फोनच्या खोक्यात गेली आणि तिने हॉस्पिटलात फोन लावला.

"कशी आहे?"

"पाय काढला," वेंडेल म्हणाला. "डोळ्यांनी आता काही दिसत नाही. कान शाबूत आहेत. जीभ तर त्याहून शाबूत."

"दे ना तिला फोन."

पलीकडे खुसफुस झाली. वेंडेल परत आला. "गिऱ्हाईक आहे म्हणते."

"हॉस्पिटलात?"

"मी ऐकलं ते सांगितलं."

अर्डेलाला क्षणभर हसूच आलं. "वेंडेल, नीट ऐक. मी माझी नवी रेकॉर्ड पाठवते. तिथे मशीन घेऊन जा आणि तिला लावून दे. पण पुढची बाजू लावू नकोस, ती बाहेरच्या लोकांसाठी आहे. मागची लाव. मागची बाजू तिची आहे, असं सांग तिला. माझ्या मनातलं सगळं तिथे आहे म्हणावं."

पुन्हा खुसफुस. या वेळी बराच वेळ. मग वेंडेल म्हणाला, "ऐकेन म्हणते."

ऐकेन म्हणते. 'गिऱ्हाईक' सोडून तीन वर्षांत थोरलीने धाकटीसाठी उच्चारलेला हा पहिला शब्द. अर्डेला त्या खोक्यात उभ्या उभ्या रडली, आणि बाहेर रांगेतला माणूस काच ठोठावत होता तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिथूनच तिने कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या लुवेनियाने उचलला.

"नवी रेकॉर्ड माझ्या बहिणीला पाठव. आत्ता. पत्ता घे."

"दुकानातल्या अजून छापून यायच्यात गं," लुवेनिया म्हणाली. "रेडिओवाल्यांच्या तेवढ्या आल्यात, पांढऱ्या लेबलाच्या. त्यातली पाठवू?"

"कुठलीही पाठव. आजच्या टपालाने गेली पाहिजे."

आणि स्वतः जायचं? तेही तिने गॉसना विचारलं. गॉस म्हणाले, "गाणं नुकतं धावायला लागलंय. आत्ता पाठ फिरवलीस तर बसेल. शनिवारनंतर जा." आणि ती शनिवारपर्यंत थांबली. रेकॉर्ड पोचेल, इनेझ ऐकेल, राग थोडा उतरेल, मग आपण जाऊ, असा हिशेब तिने मनाशी केला. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. रोज ती वेंडेलच्या घरी फोन लावायची. उचलायला घरी कुणी नसायचं, आणि हॉस्पिटलात लावून पुन्हा 'गिऱ्हाईक आहे' ऐकायची तिची हिंमत नव्हती. गाणं मात्र सुसाट निघालं होतं. प्रत्येक गाडीत, प्रत्येक खिडकीत तेच.

शुक्रवारी तार आली. इनेझ गेली होती.

दफनाच्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. अर्डेला दुसऱ्या बाकावर बसली होती. पाद्रीबाबांनी एकेकाला गायला बोलावलं. बेथेल चर्चचे लोक गायले, दुकानातल्या बायका गायल्या, एक भाचा बेसूर गायला. अर्डेलाचं नाव कुणी घेतलं नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. दुःखात वेंडेलच्या लक्षात राहिलं नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

नंतर सगळे घरी जमले. टेबलावर तळलेलं चिकन, मॅकरोनी, पाल्याची भाजी, चार तऱ्हेचे केक. सिस्टर बर्निस सगळ्यांच्या ताटात वाढत होती, फक्त अर्डेलाच्या ताटाकडे तिचा हात जरा सावकाश येत होता. वेंडेल आतल्या खोलीत रेकॉर्डच्या मशीनशेजारी टाय सैल करून बसला होता. अर्डेला आत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला का नाही बोलावलंस गायला?"

"मुद्दाम नाही बोलावलं."

"तिने सांगितलं होतं तसं?"

"तिने काही सांगितलं नाही. तुझं नावच घेणं सोडलं होतं." वेंडेलचा आवाज चढला नाही. "मला तू तिच्यापुढे नको होतीस. बास."

"रेकॉर्ड ऐकली ना तिने? मागची बाजू?"

तेव्हा वेंडेलने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. "कमाल आहे तुझी," तो म्हणाला. "ऐकली. तू म्हणालीस तशी मागची लावली. नर्सला सांगून तिला उशीला टेकवून बसवलं, केस विंचरले. तिनेच सांगितलं, विंचर म्हणून. आणि लागलं काय, तर 'टाकलं बाई टाकलं, पाठीवरचं ओझं टाकलं.'"

"ती पुढची बाजू."

"मलाही तेच वाटलं. उलटून लावली. परत तेच. 'बघ आता कशी नाचते.' पाय कापलेल्या बाईला, अर्डेला."

"असं होणारच नाही. मागे दुसरं गाणं आहे."

वेंडेल उठला. मशीनखालच्या फळीवरून रेकॉर्ड काढून त्याने तिच्या हातात दिली. पांढरं लेबल. तिने एक बाजू वाचली, उलटली, दुसरी वाचली. दोन्हीकडे तेच नाव.

रेडिओवाले फार हुशार झाले होते. कंपनीने पुढची बाजू पाठवावी आणि त्यांनी उलटून मागचीच वाजवावी, असं व्हायला लागलं, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी रेडिओच्या रेकॉर्डीवर दोन्ही बाजूंना एकच गाणं छापायला सुरुवात केली. बसा आता उलटत. गॉसना हे ठाऊक होतं, लुवेनियाला ठाऊक होतं, धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. अर्डेला आणि इनेझ यांच्या जुन्या रेकॉर्डी मात्र छोट्या, गरीब कंपनीच्या. तिथे दुकानातली तीच रेडिओला जायची. अर्डेलाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं.

"काय म्हणाली ती?" अर्डेलाने विचारलं.

"कशाला पाहिजे तुला?"

"सांग."

वेंडेल खाली बसला. "म्हणाली, 'कळलं. दोन्ही बाजूंनी सांगितलं तिने.' आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी जेवली नाही. त्यानंतर नुसतं पाणी."

अर्डेलाच्या पर्समध्ये दुकानातली रेकॉर्ड होती, निळ्या लेबलाची, सिनसिनाटीहून येता येता घेतलेली. तिने ती काढली, मागची बाजू वर करून मशीनवर ठेवली आणि सुई टेकवली.

ऑर्गन सुरू झाला. पहिली ओळ आली, आणि तिथे कुणीच नव्हतं. नुसता ऑर्गन. मग अर्डेलाचा आवाज, हळू, लहानपणी अंधारात असायचा तसा. 'तू हो पुढे, मी आहे मागे.' पुन्हा ओळ, पुन्हा कुणी नाही. पुन्हा अर्डेला. सिस्टर बर्निस वाढायचा चमचा हातात घेऊन दाराशी आली. तिने ते गाणं दोघींच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. रिकामी ओळ आली तसे तिचे ओठ हलले, पण आवाज काढायचं तिला धाडस झालं नाही. तिने तोंडाला पदर लावावा तसा हातातला रुमाल लावला आणि ती तिथेच उभी राहिली.

गाणं संपलं. सुई नुसती घासत राहिली. वेंडेलने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

"ही पाठवायची होती तुला," तो हातांआडूनच म्हणाला.

"हो."

"तिची जागा सोडली होतीस."

"हो."

"ती गायली असती गं. उठून बसून गायली असती." हात काढले तेव्हा त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता. "हे मला ऐकवायला नको होतंस, अर्डेला. ती गेल्यापासून तुझ्या रागावर उभा होतो मी. सकाळी उठायचो ते तुला काय काय बोलायचं ते जुळवत. आता काय धरून उठू?"

"माझ्यावरचा राग धर," अर्डेला म्हणाली. "तिने धरला तसाच धर. मी तेव्हाच निघून आले असते तर रेकॉर्ड लागलीच नसती. सोडू नकोस, वेंडेल."

वेंडेलने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. खरंच प्रयत्न करत असावा बिचारा. मग त्याने मान हलवली.

"आता धरता येत नाही," तो म्हणाला, आणि मशीन बंद करायला उठला.