प्रार्थनेचा विषय

टण्.

दुपारच्या सुनसान वेळी बाहेरच्या ओट्यावर डबा टेकल्याचा तेवढाच आवाज झाला. मेघा नाताळच्या करंज्या करत होती, तिचे हात थांबले. एरवी या आवाजाच्या आधी हाक यायची, पार चिंचेच्या झाडापासून, "अवं मेघा, चुलीपाशी हायेस का चुलीत?" आणि हाकेमागून तुळजाबाई स्वतः. आज हाक नाही की पावलं नाहीत. मेघा पिठाच्या हातांनी दारात आली, तोवर तुळजाबाईचं हिरवं लुगडं कुंपणाच्या पलीकडे गेलंसुद्धा होतं.

डबा लख्ख घासलेला होता. आणि रिकामा.

रिकाम्या डब्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण आठ महिने तो डबा या दोन घरांमध्ये फिरत होता आणि एकदाही रिकामा फिरला नव्हता. इथून शेवया गेल्या की तिथून लाखोळीची भाजी यायची. चिवडा गेला की उकडलेले शिंगाडे. एकदा तुळजाबाईच्या घरात खरंच काही नव्हतं, तर तिनं मूठभर चिंचा घालून पाठवला होता. "रिकामं भांडं दुश्मनाले वापस करावं, पोरी," असं वर म्हणाली होती. काल त्याच डब्यातून पहिल्या घाण्याच्या बारा करंज्या गेल्या होत्या.

मेघानं कढई उतरवली. सहा वर्षांच्या खुशीला म्हणाली, "इथंच बस, मी आले." आणि पदरालाच हात पुसत निघाली.

मेघा आणि वैभव दोघंही नागपूरचे, चर्चच्या अंगणातच वाढलेले. धरमपेठेतल्या एका मंडळानं त्यांना सेवेसाठी इथं, रामटेकच्याही पुढे, जंगलाच्या कडेला, सालईटोल्यावर पाठवलं होतं. चाळीस घरांची वस्ती. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा, तापाखोकल्याची औषधं द्यायची, रविवारी प्रार्थना. रविवारी सातजण यायचे, त्यातले चार चहासाठी, हे वैभव स्वतःच हसून सांगायचा. पहिल्या महिन्यात कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. विचारलं ते तुळजाबाईनं. आणि भादव्यात नाला भरून वाहत असताना, खुशी तापानं फणफणली तेव्हा, वैभव नागपुरात बैठकीला अडकलेला असताना, कमरेएवढ्या पाण्यातून लेकराला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेणारीही तीच. साठीची बाई, गुडघे दुखणारी. दोन दिवस खुशीच्या उशाशी बसून पेज भरवत होती.

तुळजाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"या म्याडम," ती म्हणाली.

आठ महिन्यांत मेघा कधीच म्याडम नव्हती.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. अंधारातल्या माणसाले काय होणार हाय?"

"असं काहून बोलून राहिल्या तुम्ही?"

"मी नाही बोलून राहिली. तुमच्या कागदात लिवलं हाय." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "माह्या शालिकरामनं धाडलं सावनेरहून. त्याच्यासंग खाणीत एक जण हाय, तो चर्चात जाते, त्याच्या फोनवर आलं. मले वाचता येत नाही ना, मंग अंगणवाडीतल्या वंदनाच्या फोनवर टाकलं, म्हणे माह्या मायले वाचून दाखव. तिनं देल्लं वाचून. अंगणवाडीत. पाच बाया बसल्या होत्या."

मेघानं कमरेचा फोन काढला. दर महिन्याला वैभव मंडळाच्या पियूष सरांना पानभर मजकूर पाठवायचा. त्याचं ते प्रार्थनापत्र करायचे आणि फोटोसकट सगळ्या चर्चांना धाडायचे, लोकांनी आठवणीनं प्रार्थना करावी म्हणून. या महिन्याचं पत्र मेघाच्या फोनवर चार दिवस न उघडता पडलं होतं. तिनं ते तिथंच, उभ्या उभ्या उघडलं.

फोटो तिनंच काढलेला. खुशीचा ताप उतरला त्या सकाळचा. तुळजाबाई मांडीवरच्या खुशीला पेज भरवतेय. पण यात खुशी नव्हती. कापून टाकली होती. उरली होती काळ्या चुलीपाशी बसलेली, फाटक्या चोळीतली एक म्हातारी, हात नुसताच पुढे केलेली, जणू काही मागतेय. खाली लिहिलं होतं: "दारू आणि अंधश्रद्धेच्या अंधारात जगणारी विधवा तुळजाबाई. पोटच्या मुलानं नशेत घराबाहेर काढलं. तिच्या सुटकेसाठी प्रार्थना करा."

"पोळ्याले घोटभर घेतली असंन सगळ्यायसंग," तुळजाबाई म्हणाली. "बस. अन् चोळी फाटली होती ते तुह्या पोरीले नाल्यातून आणताना, बोरीत अटकून." हात थांबले तिचे. "पोराचं मी तुले सांगतलं होतं. तुले एकटीले. माह्या सख्ख्या बहिणीलेही नाही सांगतलं. दोन वर्षांनं संक्रांतीले येतो म्हणत होता तो. आता म्हणते, माय, तू मले चौकात उभं केलं, आता तुह्या नव्या सोयऱ्यायलेच तिळगूळ दे."

मेघा काही बोलणार, तेवढ्यात तुळजाबाई सूप उचलून उठली. "जा. पोरगी एकटी असंन घरी."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वस्तीत तिची अब्रू घालवली, पोटचा पोरगा तोडला, आणि या बाईला काळजी कशाची, तर खुशी एकटी असेल याची. मेघा परत निघाली तेव्हा तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. कुणी दिला या मंडळवाल्यांना हक्क? बाई काय वस्तू आहे, की तिचं लेकरू कापायचं, चोळी ठेवायची?

वैभव घरी परतून दारावर कागदी चांदणी टांगत होता. मेघानं फोन त्याच्यापुढे धरला.

"हे तू लिहिलंस?"

त्यानं वाचलं. स्टुलावरून खाली उतरला. "एवढं नाही लिहिलं मी. अंधार-बिंधार पियूष सरांनी घातलं. भाषा त्यांची असते."

"आणि मुलानं हाकललं, ते?"

वैभव चांदणीचा दोरा बोटाला गुंडाळू लागला.

"वैभव, मी विचारून राहिले."

"ते तूच म्हणाली होतीस," तो हळूच म्हणाला. "बुधवारी. प्रार्थनेला बसलो होतो तेव्हा. मी प्रार्थनेच्या वहीतून उतरवलं."

मेघा ओट्यावर बसली. खरं होतं. गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, तिनंच सांगितलं होतं. तुळजाबाईसाठी तिचा जीव तुटत होता म्हणून. लहानपणापासून हेच पाहिलेलं. गीतं झाली की कुणीतरी विचारायचं, प्रार्थनेचे विषय सांगा, आणि मग निघायचं सगळं. कुणाचा जावई पितो, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाच्या पोटात गाठ आहे. अख्ख्या मोहल्ल्याची घरं मेघाला आतून माहीत होती ती अशी, डोळे मिटून ऐकलेली. याला कुणी चहाडी म्हणायचं नाही. शेवटी आमेन म्हटलं की झालं.

रागाला आता दुसरीकडे जायला जागा राहिली नाही. तो तिच्याही अंगावर आला. पण म्हणून पियूष सरांच्या अंगावरून उतरला नव्हता.

"लाव त्यांना फोन. स्पीकरवर."

पियूष सर गोड बोलायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमची भावना मी समजू शकतो. पण इतक्या लांबून लोक प्रार्थना करतात ना, त्यांना एक नाव लागतं, एक चेहरा लागतो."

"देवाला तिचं नाव माहीत नव्हतं का, सर?"

"तसं नाही हो."

"मग धरमपेठेत कशाला पाठवावं लागलं? आणि चेहरा ठेवला, तर मांडीवरचं लेकरू काहून कापलं?"

"फोटोत जागा कमी होती, वहिनी."

"जागा चोळीच्या भोकाला पुरली." वैभवनं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला. "पुढच्या पत्रात छापा, दारूचं, अंधाराचं खोटं होतं म्हणून. छापा की आमचं लेकरू हिनं पुरातून काढलं. सुटका कुणी कुणाची केली, ते नीट लिहा."

"फोटो मी काढायला सांगतो. पण खुलासा नाही छापता येत. लोक म्हणतील, मग बाकीची पत्रं पण अशीच असतील."

"आहेत का?"

"वहिनी, आवाज तुटून राहिला तुमचा, नेटवर्क नसेल तिकडे," आणि फोन बंद. टोल्यावर नेटवर्क एरवी नसायचंच, पण आज चारही काड्या उभ्या होत्या.

वैभवनं हातातली चांदणी ओट्यावर ठेवली. "या महिन्यापासून मी पत्र पाठवणार नाही," तो म्हणाला. "मंडळाला आपल्याला परत बोलवायचं असेल तर बोलवू दे." मग चपला शोधू लागला. "चल. शालिकरामशी मी बोलतो. सगळं समजावून सांगतो त्याला."

"नाही बोलायचं."

"का?"

"आधी मावशीला विचारायचं. तुमच्या मुलाला फोन करू का, काय सांगू, किती सांगू. ती नको म्हणाली तर नाही करायचा. आपल्याला बरं वाटावं म्हणून आणखी एकदा तिच्या घरातलं बोलायचं नाही."

वैभवनं मान डोलावली. सवयीनं त्यानं खुंटीवरची बायबलची पिशवी खांद्याला लावली, मेघाकडे पाहिलं, आणि परत खुंटीला अडकवली.

खुशी दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत उभी होती. हनुवटीला पीठ, एका मुठीत सारण. टोल्यावर राहून तिची जीभ इथलीच झाली होती. नागपूरच्या आजीनं फोनवर ऐकलं की कपाळाला हात लावायची.

"मम्मी, तुळजाआजी आपल्यासंग बोलून नाही राहिली का?"

मेघा तिच्यापुढे उकिडवी बसली. हनुवटीचं पीठ पुसलं. लेकराशी तरी खरं बोलावं. "तिनं मला तिच्या मनातलं सांगितलं होतं. ते मी देवाला सांगताना पप्पांना सांगितलं, पप्पांनी लिहिलं, आणि मग ते सगळ्यांना कळलं. तिला न विचारता. म्हणून तिला वाईट वाटलं."

"खूप?"

"खूप."

खुशीनं मुठीतल्या सारणाकडे पाहिलं. खाल्लं नाही. मग आईच्या कानाशी तोंड आणलं, पप्पांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू बोलली.

"मम्मी, झोपताना मी तुह्या कानात सांगते ते बी लिवलं का त्याईनं?"