प्रार्थनेचा विषय

ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर कॉलेजातल्या निम्म्या मुली त्याच्या अंगावर धावून गेल्या असत्या. ताईला सांगितलेलं ताईपाशीच राहतं, हे वसतिगृहात नव्यानं आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कळायचं. कुणाचं घरी पटत नव्हतं, कुणी परीक्षेत कॉपी केली होती, कुणाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. सगळ्या जिमखान्यामागच्या खोलीत यायच्या, घडी करून ठेवलेल्या टेबल-टेनिसच्या टेबलाला टेकून रडायच्या आणि मोकळ्या होऊन जायच्या. ताई चर्चच्या वतीनं कॉलेजात सेवा करायची. मुलींना बायबल शिकवणं, प्रार्थनासभा घेणं हे सांगण्यापुरतं काम. खरं काम ऐकायचं. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घरी येईपर्यंत मात्र ते कान थकलेले असायचे. जेवताना फोन वाजला की ती घास ताटात ठेवून गॅलरीत जायची, आणि परत येईपर्यंत नवऱ्याचे हात धुऊन झालेले असत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव थट्टेखोर. "ठके," तो लेकीला म्हणायचा, "आईशी बोलायचंय? मग आधी वसतिगृहात नाव घाल." ठकी हे नाव त्यानंच पाडलेलं. तान्ही असताना ती रडायची नाही, लाकडी बाहुलीसारखी टकमक बघत राहायची. मोठी झाली तरी तशीच. दारात परक्या मुलींच्या चपलांचा ढीग, बाथरूमपुढे रांग, तिच्या पलंगावर कुणीतरी तापानं फणफणलेली. ठकी चकार शब्द काढायची नाही, नुसती बघायची. यंदा ती त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली, तेव्हा ताईला वाटलं, बरं झालं, सेवा आणि लेक दोन्ही एका ठिकाणी आली. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात घालतो!

एका रविवारी दुपारी दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, म्हणजे या घरात तसा योगच. चादरीची टोकं घेऊन ठकी जवळ आली, ती आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, मी हल्ली प्रार्थना करत नाही."

ताईनं घडी अर्धवटच धरून ठेवली.

"म्हणजे डोळे मिटते. पण पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. आधी वाटायचं. मी खूप प्रयत्न केला गं."

ताईच्या जिभेवर उत्तरांची रांग लागली. ती सगळी तिनं गिळली. परक्या मुलींसाठी शिकलेली ही विद्या ती घरात पहिल्यांदाच वापरत होती. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणून तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. ठकीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. अशी ती शेवटची कधी उभी राहिली होती ते ताईला आठवेना.

"कुणाला सांगू नकोस हं," ठकी म्हणाली. "बाबांनापण नको. मीच सांगेन, जमेल तेव्हा."

"वेडी आहेस का? मी कशाला सांगेन!"

आणि हे ती मनापासून बोलली होती. ती खोटारडी बाई नव्हती, हे इथं सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. लेकीचा विश्वास गेला या दुःखाच्या पोटात दुसरंही एक दुःख होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती: जगाच्या मुली देवाकडे आणणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी हातची गेली. दिव्याखाली अंधार. स्वयंपाक करताना तेच, शिकवताना तेच. नवऱ्याला सांगता येईना, आणि सांगितल्याशिवाय राहवेना.

आठवड्याच्या प्रार्थनासभेत एक रीत होती. गाणी झाली की मुली गोल करून बसायच्या आणि प्रत्येकीनं आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा. कुणाच्या वडिलांची नोकरी, कुणाच्या आजीचं ऑपरेशन, कुणाचं गणित. मग सगळ्या मिळून त्यासाठी प्रार्थना करायच्या. गाणी बसवणारी शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, तिला सगळ्या गिटारवाली म्हणत. मन सोन्यासारखं, पण उत्साहाला लगाम नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही नेहमी आमचेच विषय घेता. आज तुमचा सांगा. तुमचा चेहरा किती उतरलाय!"

कुणी आपल्या चेहऱ्याकडे बघितलं, एवढ्यानंच ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या अगदी जवळची एक मुलगी आहे," ती म्हणाली. "तिचा विश्वास विझत चाललाय. प्रार्थनासुद्धा करवत नाही तिला. नाव नाही सांगत. तिच्यासाठी मागा."

मुलींनी मागितलं. दोघीतिघी रडल्या. ताई हलकी होऊन घरी आली आणि आपण वचन मोडलं हे तिच्या गावीही नव्हतं. चहाडी केली असती तर तिलाही टोचलं असतं. पण हीच गोष्ट डोळे मिटून, देवाला उद्देशून सांगितली की भल्याभल्यांना ती चहाडी वाटत नाही. नाव घेतलं नव्हतं म्हणे! मुली काय दूधपित्या होत्या?

पुढच्या आठवड्यात नवरा संध्याकाळी दुकानातून लवकर आला. ताई भाजी चिरत होती आणि ठकी तिथंच टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. त्यानं पिशवी खुंटीला लावली. एरवी आल्याआल्या काहीतरी विनोद व्हायचा, आज झाला नाही.

"तुझ्या कॉलेजातली एक पोरगी आली होती फ्रेम बदलायला," तो म्हणाला. "निघताना म्हणते, काका, धीर सोडू नका, आम्ही तुमच्या मुलीसाठी रोज प्रार्थना करतोय. मी म्हटलं, का, काय झालं माझ्या मुलीला? तीच बिचारी गडबडली. अगं, माझ्या घरातली बातमी मला गिऱ्हाइकानं सांगायची?"

ताईच्या हातातली सुरी थांबली. ठकीनं पुस्तक मिटलं.

"मला वाटलंच होतं," ठकी म्हणाली. "त्या गिटारवालीनं काल कॅन्टीनमध्ये माझा हात धरला आणि डोळेच मिटले. मोठ्यानं सुरू! माझ्या दुसऱ्या हातात चहाचा कप. खाली ठेवायलासुद्धा वेळ दिला नाही. सगळं कॅन्टीन बघत होतं." मग आईकडे वळून तिनं विचारलं, "तू सांगितलंस?"

"मी नाव नव्हतं घेतलं गं."

"तुझ्या जवळच्या मुली किती आहेत, आई?"

ठकीनं वडिलांना जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं, बातमी वाचावी तसं, आणि आत निघून गेली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

नवरा तिच्यासमोर बसला. "एक विचारू? त्या मुली तुला इतकं काय काय सांगतात. त्यातलं तू कधी बाहेर बोललीस?"

"छे! कधीच नाही. तुम्हाला तरी कधी सांगितलंय का?"

"नाही ना? मग आपलीच तेवढी वाऱ्यावर सोडलीस?"

तो टोचायला बोलला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. ताईला मात्र कळलं. परक्या मुलीचं गुपित हे त्या मुलीचं असतं, म्हणून ती ते जपायची. लेकीचं गुपित तिला आपलंच वाटलं होतं. आपलं दुःख आपण कुणालाही सांगावं, त्यात विचारायचं कुणाला!

दुसऱ्या दिवशी तिनं गिटारवालीला बाजूला घेतलं. "तो विषय आता बंद करा. आणि ठकीला काही विचारू नका."

"बंद करायचा?" गिटारवालीचे डोळे भरून आले. "म्हणजे परिस्थिती आणखी बिघडली का, ताई? मग तर उपासच करायला हवा."

ताईनं कपाळाला हात लावला. बोलावं तर आणखी बोलणं वाढतं, न बोलावं तर त्या पोरी ऐकत नाहीत. आणि त्यांना असं वागायला शिकवलं कुणी? तिनंच. कुणाचं दुःख कळलं तर गप्प बसू नका, जवळ जा, हात धरा. फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

त्याच आठवड्याच्या सभेत गाणी चालू असताना दार उघडलं आणि ठकी आत आली. खोलीत एकदम कुजबुज झाली. तिनं चपला काढल्या, गोलात येऊन बसली. विषय सांगायची तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मीच प्रार्थना करते," आणि डोळे मिटले.

फार सुंदर प्रार्थना केली तिनं. मी वाट चुकले होते, प्रभू, पण तू दार उघडं ठेवलंस. या बहिणींनी मला हात दिला. माझं दगडी मन तू मऊ केलंस. आवाज जिथं कापायला हवा तिथं कापला. मुली हुंदके देत होत्या. फक्त ताईनं डोळे उघडले, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य तिचं स्वतःचं होतं. घरी भिंतीपलीकडच्या खोलीत बसून पोरीनं लहानपणापासून जे ऐकलं होतं, ते तिनं जसंच्या तसं परत केलं होतं.

"आमेन," सगळ्या म्हणाल्या. ताईच्या तोंडून ते निघेना.

मग मुलींनी ठकीला मिठ्या मारल्या, ताईलाही मारल्या. "ऐकलं ना देवानं, ताई!" गिटारवाली पुन्हा पुन्हा म्हणत होती. ताई मान हलवत राहिली. ठकी सगळ्यांशी हसून बोलली, बिस्किटं वाटायलाही उठली.

घरी दोघीच होत्या. ठकी स्वयंपाकघरात नळाखाली ग्लास धरून उभी होती.

"ठके," ताई म्हणाली, "ती प्रार्थना खोटी होती."

"हो," ठकी सहज म्हणाली. "पण जमली ना?"

"का केलीस?"

"भीक नको पण कुत्रं आवर, म्हणून. आता कुणी माझा हात धरणार नाही. त्यांचा विषय संपला."

"त्यांचं जाऊ दे. माझ्याशी तरी खरं बोल. चीड, ओरड, वाटेल ते म्हण मला. चुकले मी. पण त्या दिवशी बोललीस तशी बोल ना गं."

ठकी पाणी प्यायली आणि तिनं ग्लास विसळून पालथा घातला. "माझ्याकडे तेवढंच होतं, आई. ते तू वाटून टाकलंस."

आवाजात राग असता तर ताईनं तो आनंदानं झेलला असता. पण आवाज सभ्य होता. नव्या मुली वॉर्डनशी बोलतात तसा, काम संपलं की पुढं न वाढणारा.

"मग आता मी काय करू?" ताईनं विचारलं. उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, पण ठकी दाराशी थांबली.

"प्रार्थना कर ना," ती म्हणाली. "फक्त मनातल्या मनात."

तिनं आपल्या खोलीचं दार ओढून घेतलं, आपटलं नाही. ताई टेबलाशी बसली आणि तिनं डोळे मिटले. इतकी वर्षं ती लोकांसाठी, लोकांच्या देखत प्रार्थना करत आली होती. तोंड उघडलं की शब्द आपोआप यायचे. आता ओठ घट्ट मिटून ती बसली होती, आणि सुरुवात कुठून करायची तेच तिला कळेना.