स्वच्छ घरातली पाखरं

ज्या घराच्या पुढच्या भागात किडे मारायचं औषध विकलं जातं, त्याच घराच्या मागच्या खोलीत किडे पाळले जातात, हे गावाच्या पचनी पडायला वर्ष लागलं. घराच्या अजून पडलेलं नव्हतं.

दुकान सासऱ्यांचं. गावात त्यांना 'डॉक्टर' म्हणत, कारण रोगी न बघता ते बाटली काढून देत आणि गिऱ्हाईकही रोग न सांगता ती घेऊन जाई. मागची खोली सुनेची. ती कीटकशास्त्र शिकून आलेली. म्हणजे सासरे-सुनेचा विषय एकच, फक्त पक्ष वेगळे. नवरा दिवसभर दुकानात बापाच्या हाताखाली आणि जेवताना बायकोच्या बाजूला बसे, त्यामुळे तो दोन्हीकडे गप्प असे.

सुनेच्या खोलीत पस्तीस पसरट ट्रे होते. ट्रेमध्ये भरडलेला मका आणि मक्यात ती करड्या रंगाची पाखरं, जी कुठल्याही घरातल्या धान्याला जाळी करतात. पण ही पाखरं म्हणजे नुसता चारा. खरा माल निराळाच होता. चिलटानंही तुच्छतेनं बघावं इतकी बारीक एक माशी असते. ती आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यात घालते. भाडेकरू आत शिरला आणि मालक जन्मलाच नाही, असा प्रकार. सून पाखरांची अंडी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डिंकानं चिकटवायची आणि त्यांवर या माश्या सोडायची. चार दिवसांत अंडी काळी पडली, की समजायचं आत माशी तयार होते आहे. ते कार्ड मक्याच्या शेतात पानाखाली टाचलं, की माश्या बाहेर पडून खोडकिड्याची अंडी शोधत फिरतात. खोडकिडा जन्माला येण्याआधीच संपतो. फवारणी नाही, वास नाही, आवाज नाही.

"हीच तर गोम आहे, सूनबाई," सासरे म्हणायचे. "माझ्या बाटलीला वास तरी येतो. गिऱ्हाइकाच्या नाकाला कळतं, आपण काहीतरी घेतलं. तुझ्या कार्डावर काय दिसतं? सांडलेली मोहरी."

त्यांना ती खोली गोदामाला हवी होती. हंगामाचा माल यायचा होता. शेवटी त्यांनी न्यायाधीशाच्या थाटात निकाल दिला, "एक मोठी मागणी आण आणि सांगितल्या दिवशी पुरी करून दाखव. जमलं तर खोली तुझी. नाही जमलं तर माझी खोकी आत आणि तुझी पाखरं बाहेर."

सुनेनं मका उत्पादकांच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सहा वेळा गाठलं. सातव्या वेळी ते दमले आणि खोली बघायला येतो म्हणाले. ते यायच्या आदल्या दिवशी ती कोरी कार्डं आणायला शहरात गेली, आणि संध्याकाळी परतली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

पस्तीस ट्रे घासूनपुसून भिंतीला ओळीनं उभे होते. अंगणात चादरीवर मका पसरलेला, चाळलेला, खडखडीत वाळलेला. पायरीवर सासूबाई दमून, पण प्रसन्न बसल्या होत्या.

"ये गं. मोठी माणसं यायची, तू एकटी किती करशील? सगळी जाळी काढली. एक अळी ठेवली नाही बघ."

सून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. समोर कोंबड्या जडावलेल्या चालीनं फिरत होत्या.

"आई, अळ्या कोंबड्यांना घातल्या?"

"मग काय वाया घालवू?"

"आई," सून हळूच म्हणाली, "ते माझं पीक होतं."

सासूबाईंना उलगडायला थोडा वेळ लागला. "कार्डावरच्या माश्या तुझ्या, हे मला माहीत होतं. धान्याला लागलेली पाखरंसुद्धा तुझीच? मुद्दाम लावलेली?"

"मुद्दाम."

"आणि मी वर्षभर कोणाला एका शब्दानं बोलले नाही! म्हटलं, शिकलेली पोर आहे, धान्य राखणं येईल हळूहळू."

सासूबाईंची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्या डब्यात किडा निघाल्याची गावात नोंद नव्हती. त्या कोणाकडे चहाला गेल्या, की त्यांची नजर आधी डब्यांच्या झाकणांवरून फिरे आणि मग यजमानिणीवर येऊन थांबे. त्या नजरेनं गावातल्या तीन पिढ्यांच्या सुना वळणावर आणल्या होत्या. अशा बाईनं वर्षभर जाळी सहन केली होती, तीही स्वतःच्या घरात आणि सुनेच्या प्रेमापोटी.

सुनेनं फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्यामागे तीन काळी कार्डं जशीच्या तशी होती. माश्या शाबूत होत्या. त्यांना खायला मात्र काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. दारातच थबकले. लखलखीत ट्रे, धुतलेली फरशी, कोपऱ्यात एक कोळीसुद्धा नाही.

"वा! ताई, मला वाटलं होतं किड्यांची खोली म्हणजे घाण असणार. याला म्हणतात शास्त्र!"

"खरं सांगायचं तर सध्या खोली रिकामी आहे," सून म्हणाली. खोटं बोलायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं.

"असायलाच हवी. ज्याचा माल पडून राहतो त्याचा धंदा बसतो." अध्यक्षांनी ट्रेवर बोट फिरवून बोट बघितलं. "सहा एकरांवर प्रयोग करू. बारा कार्डं, आजपासून बाराव्या दिवशी. त्यानंतर आठवड्याला तेवढीच. साधलं तर पुढच्या वर्षी सगळ्या सोसायटीचा मका तुमच्याकडे. दिवस मात्र चुकवू नका. आपण सभा पुढे ढकलतो, खोडकिडा ढकलत नाही."

अशी तिला मागणी मिळाली, तीही केवळ माल नसल्यामुळे.

एका कार्डाला शंभरेक माद्यांची अंडी लागतात. म्हणजे बाराशे माद्या हव्यात, आणि नर मोजायचे नाहीत. ट्रेमध्ये नव्यानं वाढवायच्या तर दीड महिना जाणार. पण पाखरं काही फक्त तिच्या खोलीत नव्हती. धान्य तिथे पाखरू. गावात तीनशे घरं होती, आणि कागदावर बघितलं तर अडचण अशी कुठे नव्हतीच.

ती घरोघर निघाली. "तुमच्याकडे धान्याला जाळी झाली असेल तर मला हवी आहे."

"आमच्याकडे?" पहिल्याच घरातली बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुला कोणी सांगितलं? त्या कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं ना?"

शिंपीणबाईंनी तर कोठीच्या दाराला पाठ लावूनच चहा पाजला. बोलता बोलता दाराच्या फटीतून एक पाखरू बाहेर आलं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. ते संथपणे जाऊन कॅलेंडरवर बसलं.

"बाहेरून आलं ते," शिंपीणबाई म्हणाल्या.

"हो, बाहेरूनच येतात," सून म्हणाली आणि चहा संपवला.

पिठाच्या गिरणीवाल्याच्या तर भुवईवरच पाखरू बसलं होतं. "वहिनी, गिरणी आहे ही. इथे पाखरू? नावही काढू नका, परवाना जाईल माझा," असं तो म्हणाला तेव्हा पाखरू भुवईबरोबर वर-खाली झालं.

दोन दिवसांची कमाई सात पाखरं. त्यातली सहा रस्त्यावरच्या दिव्याखाली पकडलेली.

घरी सासऱ्यांचा माल येऊन पडला होता. खोकी व्हरांड्यात, खोलीच्या खिडकीखाली रचलेली. "खोली धुतलेली आहेच," ते म्हणाले. "उद्या आत लावून टाकू का?"

"बारा दिवस ठरलेत, बाबा. दहा उरलेत."

"बरं बुवा. मोजायला मलाही येतं."

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी फक्त एकदाच विचारलं, "कोणीच देत नाही?"

"कोणाकडे नाहीतच म्हणे, आई. सगळ्या गावात फक्त आपल्याकडे होती."

सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी सून पुन्हा गिरणीवर गेली. दळणाचा वार असल्यानं पंधरा-वीस बायका डबे घेऊन रांगेत होत्या. ती एकेकीला विचारत होती आणि एकेक जण आपल्या डब्याचं झाकण घट्ट करत होती. एवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या कडेवर एक मोठा डबा होता. रांग आपोआप सरळ झाली.

"या काकू," गिरणीवाला म्हणाला. "तुमचं धान्य म्हणजे चाळणीला सुट्टी."

सासूबाईंनी डबा काट्यावर ठेवला आणि झाकण काढलं.

आधी दोन-तीन उडाली, मग एकदम पन्नास-साठ. करड्या पाखरांचा ढग गिरणीच्या दिव्याकडे गेला. गिरणीवाल्यानं नकळत बटण बंद केलं. पट्टा फटफटत थांबला आणि मग इतकी शांतता झाली, की पाखरांचे पंख ऐकू यावेत.

"बघून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "सुनेची नव्हेत, माझी आहेत. कोठीतल्या तळाच्या पिंपातली. बावीस वर्षं ते पिंप मी कोणाला दाखवलं नाही. घरच्यांनासुद्धा नाही. दरवर्षी ऊन देते, दरवर्षी पुन्हा होतात. आता ज्यांच्या घरी खरोखर नाहीत, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. मागून एक आवाज मात्र आला. "काकू, गेल्या वर्षी माझ्या डब्याकडे बघून तुम्ही नाक मुरडलं होतंत!"

"मुरडलं होतं."

"मी महिनाभर रडले त्या नाकापायी!"

"तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त होती, म्हणून मुरडलं. आता बोलायचं तेवढं बोलून घे, आणि घरी जाऊन डबा घेऊन ये. किडकं द्या, निवडलेलं न्या. वजनाला वजन. माझ्या हातचं निवडलेलं आहे, वरच्या पिंपांतलं."

सून बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नाकातोंडात पाखरांची पूड गेल्यामुळे ती आधी शिंकली.

शिंपीणबाई सगळ्यात आधी हलल्या. "माझ्याकडे दीड पोतं आहे," त्या म्हणाल्या. त्यावर पलीकडची म्हणाली, "दीडच? माझ्याकडे दोन." बघता बघता चढाओढ लागली. गिरणीवाल्यानं खाकरून सुनेला बाजूला बोलावलं. "वहिनी, जरा पट्ट्यामागे बघता का? परवान्याचं तेवढं मनात ठेवा." पट्ट्यामागे, फळ्यांखाली, जुन्या पोत्यांच्या ढिगात जाळ्यांचे पडदे लोंबत होते. एवढी संपत्ती सुनेनं विद्यापीठातसुद्धा बघितली नव्हती.

मग कामाला सुरुवात झाली. ट्रे पुन्हा भरले. पाखरं पकडून जाळीच्या बुडाच्या बादल्यांत सोडली, म्हणजे अंडी खालच्या कागदावर पडतात. अंड्यांत पंखांची पूड आणि पायांचे तुकडे मिसळतात, ते वेगळे काढायचे. सासूबाईंनी कोठीतून आपली सर्वांत बारीक चाळणी आणली. हयातभर किडे काढून टाकायला वापरलेली ती चाळणी आता किडे राखायला बसली. तिच्या एका झटक्यात अंडी इकडे आणि पूड तिकडे. असा हात सुनेला चार वर्षांच्या शिक्षणात कोणी शिकवला नव्हता.

"किती कार्डं म्हणालीस?"

"बारा."

"तेरा कर. ऐन वेळी एखादा पाहुणा आला तर?"

"आई, याला पाहुणा येत नसतो."

"पाहुणा सगळ्याला येतो. तेरा कर."

सातव्या दिवशी तेरा कार्डांवर अंडी चिकटली. सुनेनं एकेक कार्ड काचेच्या नळीत घातलं आणि फ्रिजमधली दोन काळी कार्डं उबेला ठेवून त्या नळ्यांत माश्या सोडल्या. तिसऱ्याला हात लावला नाही. ते बियाणं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी बारा कार्डं काळी होती. खिडकीजवळचं तेरावं पांढरंच होतं, आणि त्याच्या नळीत माश्या मरून पडलेल्या होत्या. सुनेनं खिडकीतून खाली बघितलं. व्हरांड्यातलं एक खोकं आदल्या दिवशी फुटलं होतं आणि सासरे एक गळकी बाटली पुसत उभे होते.

त्यांनी खिडकीकडे बघितलं. सुनेनं पांढरं कार्ड आणि नळी काचेला लावून धरली.

सासऱ्यांनी चष्मा वर केला, खाली केला. तीस वर्षं त्यांनी आपल्या औषधाचा गुण सांगितला होता. न फवारता, नुसत्या वासानं गुण येताना आजच बघत होते. "अरे ए!" त्यांनी मुलाला हाक मारली. "ही खोकी इथून उचल. सगळी. बाजारात गाळा भाड्यानं घेऊ, तिथे ने."

"पण बाबा, खोली उद्या..."

"उचल म्हटलं ना. जागा बघून माल ठेवायची अक्कल नाही, म्हणे दुकान चालवतो!"

बाराव्या दिवशी अध्यक्ष आले आणि याही वेळी दारातच थबकले, पण वेगळ्या कारणानं. छताला पाखरं, ट्रेमध्ये जाळी, फरशीवर पीठ. दाराशी किडक्या धान्याच्या डब्यांची रांग.

"ताई, काय हे? मागच्या वेळी किती स्वच्छ होतं!"

"मागच्या वेळी रिकामं होतं," सासूबाई चाळणी न थांबवता म्हणाल्या. "मोजून घ्या. बारा आहेत. आणि शेतात आधी औषध मारू नका, माझं तेरावं त्यातच गेलं."

अध्यक्षांनी कार्डं मोजली, काळी अंडी भिंगातून बघितली, आणि पुढच्या आठवड्याची बारा कार्डं लिहून दिली.

ते गेल्यावर गिरणीच्या रांगेतली ती महिनाभर रडलेली बाई डबा घेऊन आत आली. सासूबाईंनी झाकण काढलं, हात घालून धान्य खालीवर केलं, उजेडात धरलं, पुन्हा चाळलं. बाई श्वास रोखून उभी होती.

"परत ने," सासूबाई म्हणाल्या. "यात काही नाही."

"नीट बघा ना काकू! तळाशी असेल."

"तळाशीसुद्धा नाही गं. अगदी स्वच्छ आहे."

बाईचा चेहरा पडला. डबा कडेवर घेऊन ती पायऱ्या उतरू लागली. सासूबाईंना राहवलं नाही.

"अगं थांब," त्यांनी हाक मारली. "पंधरा दिवस झाकण उघडं ठेव. होतील."