पुढे कुठले, मागे कुठले

माझी ताई कोर्टात स्टेनोग्राफर आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपायचं, स्वतः चकार शब्द काढायचा नाही. त्याचीच भरपाई म्हणून की काय, चाळिशीत तिनं दोन सीटची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि हौशी लोकांच्या डोंगरावरच्या शर्यतीत उतरायला लागली. एका वेळी एकच गाडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत सोडतात आणि वेळ मोजतात. गेल्या वर्षी सातव्या वळणावर तिची गाडी गर्रकन फिरली, मातीच्या बांधावर आदळली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. आईनं महिनाभर अबोला धरला. ताई मात्र प्लास्टरमध्येच पुढच्या शर्यतीचा फॉर्म भरत होती.

यंदा शर्यत सोडून दिलेल्या एका मैत्रिणीनं तिला दोन जवळजवळ नवे टायर दिले. मऊ रबराचे, रस्त्याला घट्ट धरणारे. ताई हरखून गेली. तिचं गणित सोपं होतं: गाडी वळते पुढच्या चाकांवर, म्हणजे चांगले टायर पुढे. मागे जुने चालतील.

ते बसवायला आम्ही टायरवाल्या उस्तादांकडे गेलो. हे साठीतले गृहस्थ, नाकावर चष्मा, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. दुकानात टायर छतापर्यंत रचलेले, पण फरशी आरशासारखी लख्ख. ताईकडून गेल्या वर्षीचा अपघात ऐकत त्यांनी आधी गाडीचे जुने टायर पाहिले. कडेवर छापलेले, कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचले, रबरात अंगठ्याचं नख रुतवलं.

"सहा वर्षांचे आहेत. नक्षी शाबूत आहे, रबर मेलंय," ते म्हणाले. "गेल्या वर्षी फिरलात ते ह्यांच्यामुळेच."

"म्हणून तर पुढे नवे टाकतेय," ताई म्हणाली.

"मग ह्या वेळी दोन्ही खांदे मोडाल."

ताईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वाद घालण्याऐवजी उस्तादांनी मऊ टायर तिच्या म्हणण्याप्रमाणे पुढे बसवून दिले आणि दुकानामागच्या ट्रकच्या रिकाम्या आवारात गाडी न्यायला लावली. पाइपनं जमीन ओली केली. "गोल फिरवा. हळूहळू वेग वाढवा."

तीन फेऱ्या झाल्या. चौथीत मागची बाजू अशी सटकली की गाडीचं तोंड आमच्याकडे झालं. ताई आत तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

उस्तादांनी तिथेच जॅक लावला. साठीतल्या माणसानं चार चाकांची अदलाबदल इतक्या लवकर केली की माझा चहा अजून गरम होता. एकही नट हातातून पडला नाही, एकही हालचाल वाया गेली नाही. मऊ टायर आता मागे गेले. ताई पुन्हा फिरली. ह्या वेळी गाडीचं नाक बाहेर ओढत होतं, पण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मुकाट्यानं वळणावर यायची.

"वळत नाहीये," ताई कुरकुरली.

"पण सांगून वळत नाहीये ना? पुढचं सुटतं तेव्हा हाताला आधी कळतं. मागचं सुटतं तेव्हा आपण उलटे झालेलो असतो. आधी पाठ राखू, मग वळायचं बघू."

आता पुढच्या चाकांना काय, हा प्रश्न होता. ताईनं रेसचे गुळगुळीत टायर मागितले.

"तुमची शर्यत किती वेळाची?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

"ते टायर तापल्याशिवाय धरत नाहीत. ते तापेपर्यंत तुम्ही वर पोचून पाणी पीत असाल." त्यांनी शिडीवर चढून दुसरी जोडी काढली. मागच्या मऊ टायरांच्याच कंपनीची, त्याच नक्षीची, पण किंचित कडक रबराची आणि थंड असतानाही नीट धरणारी. "पुढे-मागे थोडा फरक चालतो. डाव्या-उजव्यात कधीच नाही. दोन पायांत दोन वेगळे बूट घालून कोण पळतं?"

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. महागातली जोडी ताई स्वतःहून मागत होती, त्यांनी ती शिडीवरून खालीसुद्धा आणली नाही.

शर्यतीच्या सकाळी वरचा निम्मा रस्ता दवानं ओला होता. ताईच्या आधीच्या दोन गाड्या सातव्या वळणावर घसरत गेल्या. मी माथ्यावर घड्याळ घेऊन उभी होते. मग तिचं इंजिन ऐकू आलं. त्या वळणावर आवाज क्षणभर उतरला आणि लगेच पुन्हा चढला. गाडी रेषेवरून चालल्यासारखी बाहेर आली.

दोन मिनिटं एकतीस. तिच्या आधीच्या वेळेपेक्षा नऊ सेकंदांनी कमी. एकूण चौथा नंबर आला, पण ताई गाडीतून उतरली ती जग जिंकल्यासारखी. "मला सगळं कळत होतं गं," ती सारखी म्हणत होती, "कुठे धरतेय, कुठे सुटतेय, सगळं हातात येत होतं!"

तेवढ्यात गर्दीतून उस्ताद आले. दुकान बंद ठेवून आले होते, आम्हाला पत्ताच नव्हता. अभिनंदन वगैरे काही नाही. थेट पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरून तळहात फिरवला.

"पुढे हवा थोडी जास्त झाली," ते म्हणाले. "चूक माझी."

चौथा नंबर मिळवलेली माझी ताई तिथेच रस्त्यावर त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "दाखवा. कशावरून कळलं?"